थेट नकाशा नसला तरी चालेल, खोटी वेळ नको

पत्राचा सारांश: महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं हे पत्र आहे. गाव, कॉलेज आणि स्पर्धा ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत. सार्वजनिक वाहतुकीचा डेटा वापरून ॲप तयार करण्याच्या एका स्पर्धेत ती आणि तिचे तीन मित्र उतरणार आहेत. हातात आठ आठवडे आहेत. चौघंही रोज शहर बसनं कॉलेजला येतात, पण त्या बसचा थेट डेटा, म्हणजे कुठली गाडी या क्षणी कुठं आहे ही माहिती, त्यांना रीतसर मिळालेला नाही. दिल्लीचा मिळतो, पण चौघांपैकी कुणी दिल्ली पाहिलेली नाही. टीममधल्या एका मित्रानं बसच्या चालू ॲपमधून गाड्यांची ठिकाणं परस्पर ओढून घ्यायची युक्ती शोधली आहे. त्याचं म्हणणं, सगळेच असं करतात आणि परीक्षकांना कळणारही नाही. वडिलांचं म्हणणं, प्लेसमेंटच्या तोंडावर हे उद्योग नकोत; बक्षीस नाही मिळालं तर हातात काय राहणार? आणि पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, "मला कोडिंग बेताचंच येतं. मी फक्त स्क्रीनचं डिझाइन आणि टेस्टिंग करते. मग मी या टीममध्ये असून उपयोग काय?"

प्रिय मैत्रिणी,

तुझे प्रश्न चार आहेत, पण चारही एकाच समजुतीवर उभे आहेत: बसचं ॲप म्हणजे नकाशावर सरकणाऱ्या गाड्या. त्या सरकायला हव्यात म्हणून थेट डेटा हवा. थेट डेटा हवा म्हणून एक तर दिल्ली, नाही तर मित्राची युक्ती. आणि गाड्या सरकवणारं कोड तुला लिहिता येत नाही, म्हणून तू बिनकामाची. ही समजूत घटकाभर बाजूला ठेवू आणि काय उरतं ते बघू.

थांब्यावरची माणसं एकमेकांना काय विचारतात ते तू रोज ऐकत असशील. ही गाडी स्टेशनवरून जाते का? शेवटची गेली का? इकडे उभं राहायचं की रस्ता ओलांडून पलीकडे? रविवारी असते का ही? "गाडी या क्षणी कुठल्या चौकात आहे" हा प्रश्नही असतोच, पण तो अनेकांतला एक. बाकीच्यांची उत्तरं वेळापत्रक, मार्ग आणि थांबे नीट माहीत असले की देता येतात. ती फारशी कुणी नीट देत नाही, कारण ती कामं दिसायला भारी नसतात.

आपल्याकडं घरोघरी पोचलेली दोन ॲप्स बघ. मुंबईत लोकलनं जाणाऱ्याच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर असायचंच. लोक त्याला चिकटले ते इंटरनेट नसतानाही उघडणाऱ्या वेळापत्रकामुळं. दुसरं 'व्हेअर इज माय ट्रेन'. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जनं ते केलं आणि २०१८ मध्ये गुगलनं ती कंपनी विकत घेतली. डब्यात बसलेल्या माणसाचा फोन कुठल्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात आहे यावरून ते गाडीचा ठावठिकाणा सांगतं. जीपीएस नको, इंटरनेटही नको. दोन्हीकडं विचाराची सुरुवात प्रवाशापासून झाली: तो कुठं उभा आहे आणि त्याच्या हातात कसला फोन आहे. आपल्याला कुठला डेटा मिळतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

थेट माहितीला कमी लेखायचं नाही मला. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ब्रायन फेरिस या विद्यार्थ्यानं २००८ मध्ये 'वनबसअवे' सुरू केलं. ते आजही चालू आहे. त्यावर २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्याकडं थेट माहिती नव्हती त्यांना थांब्यावरचा वेळ होता त्याहून जास्त वाटत होता; ज्यांच्याकडं होती त्यांना तो जेवढा होता तेवढाच वाटत होता. बस तीच, रस्ता तोच, फक्त जीव टांगणीला नाही. पण हे घडतं ते माहिती खरी असली तरच. "७ मिनिटांत येत आहे" असं सांगून न आलेली गाडी काहीच न सांगण्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणसानं समोर आलेली रिक्षा सोडलेली असते.

आता तुझ्या मित्राची युक्ती. त्याला चोर ठरवून बोलू नकोस. तशी युक्ती सुचायला डोकं लागतं, आणि सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या बसची माहिती लोकांना मोकळी मिळावी ही त्यामागची चीड मला मान्य आहे. तरी ते करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेतून डेटा उतरवून घेणं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा होतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांवर कुणी लगेच खटला भरेल असं मी म्हणत नाही. पण स्पर्धेच्या अर्जात "डेटा कुठून घेतला" असा रकाना असतो. तिथं काय लिहिणार? खरं लिहिलं तर बाद, खोटं लिहिलं तर चौघांच्या सह्या त्याखाली. "परीक्षकांना कळणार नाही" हेही मला पटत नाही. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलेल्यांत वाहतूक संस्थेचा एखादा माणूस असण्याची शक्यता दांडगी, आणि आपल्या गाड्या परक्याच्या स्क्रीनवर त्याला पहिल्या मिनिटात ओळखू येतील. शिवाय बसचं ॲप ज्या आतल्या पत्त्यावरून माहिती आणतं, तो पत्ता त्यांनी सादरीकरणाच्या आदल्या रात्री बदलला, तर तुमचा नकाशा रिकामा. तक्रार तरी कुणाकडं करणार?

त्यापेक्षा रीतसर मागा. कॉलेजच्या लेटरहेडवर वाहतूक विभागाला पत्र द्या: आम्हाला अमुक मार्गांचं वेळापत्रक, थांब्यांची यादी आणि अक्षांश-रेखांश हवेत, अमुक स्पर्धेसाठी. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाकून ठेवा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. आठ आठवड्यांत बसतं. उत्तर बहुधा छापील कागद किंवा स्कॅन केलेली पीडीएफ असेल आणि तुझे मित्र नाक मुरडतील. मुरडू देत. तो कागद हक्कानं मिळालेला आहे, आणि त्यातून नीट डेटा तयार करणं हेच अर्धं ॲप आहे.

दिल्लीचं म्हणशील, तर तो मार्ग पूर्ण सरळ आहे. दिल्ली सरकारच्या परिवहन विभागानं आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीनं २०१८ मध्ये खुल्या डेटाचं पोर्टल सुरू केलं. नोंदणी करून किल्ली (डेटा मागण्यासाठीचा सांकेतिक शब्द) घ्यायची, की बसचे मार्ग, थांबे, वेळा आणि धावत्या गाड्यांची ठिकाणं मिळतात. कायद्याची कटकट नाही. अडचण तुम्हीच लिहिली आहे: चौघांपैकी कुणी तिथल्या थांब्यावर उभं राहिलेलं नाही. प्रवाशासाठी ॲप करायचं असेल तर ही अडचण मला मोठी वाटते. 'मोरी गेट टर्मिनल' हे तुमच्यासाठी नकाशावरचं एक टिंब आहे. तिथं रात्री दिवे असतात का, गाडी आत लागते की बाहेरच उभी राहते, हे तुम्हाला कोण सांगणार?

पण प्रवाशाऐवजी बस चालवणाऱ्यासाठी काही करायचं ठरवलं, तर दिल्लीचा डेटा सोन्यासारखा आहे. एकाच नंबरच्या दोन गाड्या पाठोपाठ येतात आणि मग पाऊण तास काहीच नाही, हा अनुभव सगळ्या शहरांत सारखा. त्यात चालकाचा दोष असतोच असं नाही. पहिल्या गाडीला थोडा उशीर झाला की थांब्यावर जास्त माणसं साठतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या गाडीला माणसं कमी मिळतात, ती भरभर पुढं येते आणि पहिलीला गाठते. कुठल्या मार्गावर, कुठल्या थांब्यापासून, कुठल्या वेळी हे व्हायला लागतं, ते महिन्याभराच्या थेट डेटातून शोधता येतं, आणि त्यासाठी दिल्ली पाहिलेली असायची गरज नाही. तुमच्या टीममध्ये आकडेमोडीत रमणारा कुणी असेल तर हा विषय जरूर घ्या. मात्र मग तो पूर्ण घ्या. "थोडं दिल्ली, थोडं आपलं" असं कडबोळं आठ आठवड्यांत जमणार नाही.

माझं झुकतं माप तुमच्या शहराला आहे. कारण सांगते, आणि तिथंच तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

वाहतुकीचा डेटा जगभर जीटीएफएस नावाच्या साच्यात ठेवतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेतल्या बिबियाना मॅकह्यू यांनी २००५ मध्ये गुगलबरोबर त्याची सुरुवात केली. गाडीनं जायचा रस्ता इंटरनेटवर सहज सापडतो, मग बसनं जायचा का नाही, हा त्यांचा साधा सवाल होता. साचाही साधाच: साध्या मजकुराच्या काही फाइली, स्वल्पविरामांनी तोडलेले रकाने. एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ, एकीत कुठल्या वारी कुठली फेरी.

त्या वेळांच्या फाइलीत कधीतरी तुला २५:१०:०० अशी वेळ दिसेल. ती चूक नाही. रात्री बारानंतर थांब्यावर येणारी गाडी कागदोपत्री आदल्या दिवसाच्या ड्यूटीतली असते, म्हणून मध्यरात्रीनंतरही आकडा पुढंच मोजतात. २५:१० म्हणजे रात्रीचा १ वाजून १० मिनिटं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं वेळ वाचणारं नेहमीचं फंक्शन पंचविसाव्या तासाला अडतं. घाईत लिहिलेलं कोड मग अशा ओळी गाळून पुढं जातं, आणि ॲपमधून नेमकी शेवटची गाडी गायब होते. ज्याला रात्री त्या गाडीशिवाय गत्यंतर नाही, त्यालाच. कोड लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याचा प्रोग्रॅम तक्रार न करता चाललेला असतो. दिसतं ते टेस्टिंग करणाऱ्याला, आणि तेही रात्रीची गाडी नक्की असते हे माहीत असलेल्या माणसाला. म्हणजे तुला.

पुढचं काम तर कोडिंगचं नाहीच. मी पुण्यात राहते, म्हणून इथलं उदाहरण देते. 'स्वारगेट' हे एक नाव. पण तिथं एसटीचं स्थानक आहे, शहर बसचं आहे, चौकाच्या निरनिराळ्या बाजूंना थांबे आहेत, आणि २०२४ पासून भुयारी मेट्रोही आहे. "स्वारगेटहून बस मिळेल" हे उत्तर खरं असूनही नवख्या माणसाच्या काही कामाचं नाही. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते त्याला हवंय. महापालिकेच्या थांब्याला कुणी मनपा म्हणतं, कुणी कॉर्पोरेशन. फोनवर कुणी मराठीत लिहील, कुणी इंग्रजी अक्षरांत, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगनं. या सगळ्यांना एकाच थांब्यावर नेऊन पोचवणारा शोध तयार करायचा, तर आधी कुणीतरी वहीत ती नावं गोळा करायला हवीत. साच्यात भाषांतराची वेगळी फाइल ठेवायची सोय आहे. थांब्यांची नावं मराठीत, पाटीवर आहेत तशी, तिथं भरता येतात.

थांब्यांच्या फाइलीत आणखी एक रकाना असतो: व्हीलचेअरवरच्या माणसाला इथून गाडीत चढता येतं का? १ म्हणजे निदान काही गाड्यांत येतं, २ म्हणजे येत नाही, आणि ० किंवा रिकामा म्हणजे माहिती नाही. मोकळ्या डेटाच्या फाइली उघडून बघ, हा रकाना कितीदा रिकामा दिसतो ते. तो भरायला थांब्यावर जाऊन बघावं लागतं: फूटपाथ आहे का, त्याला उतार आहे का, मध्ये लोखंडी कठडा आहे का, गाडी कडेला लागते की मधल्या लेनमध्येच उभी राहते. हे काम करणाऱ्या टीमला बक्षीस मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण परीक्षकांनी तोवर पाहिलेल्या सरकत्या नकाशांत ती वेगळी उठून दिसेल एवढं नक्की.

म्हणून माझी सूचना. सगळं शहर घेऊ नका. तुमच्या कॉलेजवरून जाणारे तीन-चार मार्ग घ्या आणि एकच प्रश्न घ्या: "रात्री मला घरी नेणारी गाडी कुठली, आणि ती कुठं मिळेल?" संध्याकाळच्या लॅबनंतर अडकणाऱ्या मुली, दुकानं बंद करून निघणारे कामगार, दवाखान्यात सोबत राहून परतणारे नातेवाईक यांचा हा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला आतून माहीत आहे. वेळापत्रक कागदावरून भरा. मग तीन आठवडे आळीपाळीनं थांब्यावर उभं राहून नोंदी करा. प्रत्येक फेरीसमोर तीनच पर्याय: थांबली, न थांबता गेली, आलीच नाही. सोबत घड्याळातली वेळ, गाडीचा नंबर, पाटी. रात्री दोघांनी मिळून जा. एकटीनं जायचं नाही, मित्रांनीही एकट्यानं नाही. फोटो थांब्यांचे काढा, माणसांचे नको.

हाताशी तेवढ्या नोंदी आल्यावर कुणीतरी नक्की म्हणेल, यावर एआय लावून उशिराचा अंदाज सांगू. तीन आठवड्यांच्या नोंदींवर अंदाजाचा इमला उभा राहत नाही. "आम्ही पाहिलेल्या इतक्या रात्रींपैकी इतक्या रात्री ही गाडी आली" असं सरळ लिहा. आणि स्क्रीनवर शेवटच्या गाडीपेक्षा तिच्या आधीची गाडी ठळक दाखवा. शेवटच्या गाडीच्या भरवशावर निघालेल्या माणसाची ती हुकली तर पुढं काही नसतं; आधीची हुकली तर एक तरी हातात उरते. हा निर्णय डिझाइनचा आहे, म्हणजे पुन्हा तुझ्या खात्यातला. वेळेखाली "वेळापत्रकानुसार" की "प्रत्यक्ष पाहिलेली" हे लिहायचं, तेही डिझाइनच. उद्या रीतसर थेट डेटा मिळाला, तर गाडीच्या ठिकाणाबरोबर त्याची वेळही येते. तेव्हा नुसतं टिंब न दाखवता "३ मिनिटांपूर्वी इथं होती" असं दाखवायचं.

तांत्रिक बाजूवर मी फार बोलत नाही, तुझे मित्र सांगतील. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून भरलेला नकाशा फुकट आहे, फक्त श्रेय द्यावं लागतं. भरलेल्या फाइली तपासायला जीटीएफएसचा मोफत व्हॅलिडेटर आहे, तो रोज चालवा. ॲप इंटरनेटशिवाय उघडलं पाहिजे. लॉगइन ठेवू नका, आणि वापरणाऱ्याचं लोकेशन तुमच्या सर्व्हरवर साठवू नका. रात्री कोण मुलगी कुठल्या थांब्यावर उभी आहे याची यादी चार विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर असणं मला मुळीच पसंत नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो वेगळाच. शेवटी अँड्रॉइडचं टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय) चालू करून, डोळे मिटून तुझं ॲप एकदा वापरून बघ. बटणांना नावं दिलेली नसतील तर लगेच कळेल.

वडिलांबद्दल. "त्यांना समजत नाही" असं तू लिहिलंस, पण त्यांचा प्रश्न मला या पत्रातला सगळ्यात नेमका वाटला. बक्षीस नाही मिळालं तर हातात काय राहणार? अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, २००८ साली 'ॲप्स फॉर डेमॉक्रसी' नावाची स्पर्धा झाली. ३० दिवसांत ४७ ॲप्स आली, खर्च ५० हजार डॉलर, आणि जगभर तिचा गाजावाजा होऊन तशाच स्पर्धांची लाट आली. त्यातली बरीचशी ॲप्स पुढं कुणी सांभाळली नाहीत. बक्षीस समारंभानंतर वेळापत्रक बदलतं, विद्यार्थी पास होऊन निघून जातात, आणि फोनमध्ये जुन्या वेळा दाखवणारं ॲप तसंच पडून राहतं.

तेव्हा आधीच ठरवा, की तुम्ही गेल्यावर काय उरेल. साच्यात डेटा कुठल्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते लिहायची जागा आहे, ती भरा. ती तारीख उलटली की ॲपनं वेळा दाखवणं थांबवून "ही माहिती जुनी झाली आहे" असं सांगावं. आणि थांब्यांची ठिकाणं, मराठी नावं, दिवे, निवारा हे जे तुम्ही डोळ्यांनी पाहून टिपलंय, ते ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. एकच पथ्य: गुगल मॅप्सवरून उतरवून तिथं भरायचं नाही, तशी परवानगी नाही. स्वतः पाहिलेलं भरा. तुमचं ॲप बंद पडलं तरी ते थांबे तिथं राहतील आणि पुढच्या टीमला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

वडिलांना हे असं सांगून बघ. शिवाय वेळेची हमी दे: रोज किती तास, आणि परीक्षेच्या आठवड्यात अजिबात नाही. मुलाखतीत "प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस" असं विचारल्यावर "शेवटची गाडी ॲपमधून का गायब होत होती ते मी शोधून काढलं" हे सांगणारी मुलगी लक्षात राहते. पण आठ आठवड्यांत तुझी विद्यापीठाची परीक्षा आणि स्पर्धेची शेवटची तारीख एकमेकींवर आदळत असतील, तर माझंही मत वडिलांच्या बाजूनं. स्पर्धा पुन्हा येतात. तोवर नोंदी करत राहायला कुणाची हरकत नाही.

टीमचं एक राहिलं. सुरुवातीलाच एका पानावर लिहून ठेवा: कोण काय करणार, बक्षिसाची रक्कम कशी वाटायची, कोडचं आणि डेटाचं लायसन्स काय. स्पर्धेच्या नियमांत "सादर केलेल्या ॲपची मालकी आयोजकांकडे राहील" अशी ओळ असते कधीकधी. ती शोधून वाचा आणि पटत नसेल तर अर्ज भरण्याआधी विचारा. तुझ्या नोंदींच्या फाइली तू स्वतःच्या खात्यातून गिटवर (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर) चढव, म्हणजे कुणी काय केलं याचा हिशेब आपोआप राहतो. मित्राला तेवढं सांग, की बसच्या ॲपचा तो आतला पत्ता तिथल्या तुमच्या कोडमध्ये कुठं ठेवला असेल तर जुन्या कमिटांतूनही, म्हणजे आधीच्या नोंदींतूनही, काढून टाक. नुसती ओळ पुसून भागत नाही.

लहान शहरांतल्या वाचकांनी हे पत्र वाचून "आमच्याकडं तर काहीच डेटा नाही" असं म्हणत हात झटकू नयेत. जिथं दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत, तिथं सगळ्या गावाचं वेळापत्रक दोन शनिवार-रविवारांत टिपून होतं. एसटी स्थानकावरचा वाहतूक नियंत्रक, वडाप जीपचा स्टँड, पासासाठी रांगेत उभी असलेली शाळकरी मुलं हे तुमचे माहितगार. मोठ्या शहरातल्या टीमला जे जमत नाही, म्हणजे पूर्ण गाव बिनचूक, ते तुम्हाला जमू शकतं.

आणि डेपोत पत्र घेऊन जाल तेव्हा दुपारी एक ते तीनच्या दरम्यान जा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तिथं कुणाला मान वर करायला सवड नसते. कॉलेजचं ओळखपत्र, पत्राच्या दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का. साहेब जागेवर नसले तर टाइमकीपरशी बोला. कुठली फेरी कागदावर आहे आणि रस्त्यावर नाही, हे त्याला तोंडपाठ असतं.